झाकारिसच्या दोरीवरच्या अठरा जर्सी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सुरू केलं आणि दोनदा पुसून टाकलं, कारण झाकारिसला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्यावर काय लिहितेस? मी कधी चेंडूला पाय तरी लावलाय का?" खरंच नाही लावलाय. पण मागच्या महिन्यात मोसम संपला, पेपरात कोचचा फोटो आला, कप्तानाचा आला, कॉर्नरच्या मागे समुद्रात गेलेले चेंडू होडीतून काढून आणणाऱ्याचासुद्धा आला, आणि ह्याचा कुठेच नाही. मला इतका राग आला की बसले लिहायला. घाईत लिहितेय, चुकलं तर चुकलं.

तर झाकारिस. वय एकोणसत्तर. लाम्बाविक म्हणजे उत्तरेकडच्या बेटांवरचं आमचं गाव, तिथे सगळे त्याला अरे-तुरेच करतात, शाळेतली पोरंसुद्धा. एक्केचाळीस वर्षं त्याने मासेमारीच्या मोठ्या बोटींवर काढली, ग्रीनलंडच्या बाजूला, एका खेपेला तीन तीन महिने. घरी आला की पंधरा दिवस खिडकीत बसायचं, कॉफी प्यायची आणि एल्स्पाला काम करताना बघायचं. एल्स्पा म्हणजे त्याची बायको. तिचं एक काम असं होतं की त्यावरून अख्खं गाव तिला ओळखायचं. ती गावच्या फुटबॉल संघाच्या जर्सी धुवायची. सव्वीस वर्षं. दर रविवारी संध्याकाळी कुणीतरी अठरा जर्सींची निळी पिशवी तिच्या दारात ठेवून जायचं आणि शुक्रवारी पिशवी घडी घातलेल्या कपड्यांनी भरून परत जायची. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, तर ती गमतीत म्हणायची, माझी अठरा पोरं आहेत आणि एकालाही मोजे नीट काढता येत नाहीत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लाम्बाविक पहिल्यांदा सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेलं. चारशे माणसांचं गाव आमचं, पण त्या दिवशी आवाज चार हजारांचा होता. आणि जानेवारीत एल्स्पा गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत खेळ आटोपला.

झाकारिस कुणाशी बोलेना. लोक सूप घेऊन आले, केक घेऊन आले. तो दार अर्धवट उघडायचा, भांडं घ्यायचा, आभार मानायचा आणि दार लावून घ्यायचा. चर्चमध्ये नाही, दुकानात नाही. दुकानातलं सामान पायरीवर ठेवायला लावायचा. सोल्वा म्हणजे क्लबची अध्यक्ष, मासळीच्या कारखान्यात पाळी सांभाळते, ती मला म्हणाली होती की हा माणूस उन्हाळा बघणार नाही.

मार्चमध्ये मोसम सुरू झाला. पहिली मॅच हरलो, पाच-शून्य. आणि रविवारी संध्याकाळी नेहमीसारखी निळी पिशवी झाकारिसच्या दारात जाऊन पडली! कुणी ठेवली ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. हाताला सवय, दुसरं काय. सोमवारी सकाळी हे सोल्वाच्या लक्षात आलं. बूट तसेच अर्धवट घालून ती धावत गेली, माफी मागायची म्हणून. तर घराच्या मागे, वाऱ्यात, दोरीवर अठरा जर्सी. सगळ्या उलट्या टांगलेल्या, खालच्या काठाला दोन दोन चिमटे, खांद्याला एकही नाही. अगदी एल्स्पा टांगायची तश्शा. खिडकीत बसून एवढी वर्षं बघितलेलं वाया गेलं नव्हतं.

झाकारिस दोरीपाशी उभा होता. सोल्वाने तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, पाच नंबरच्या पोराला सांग, पाठीमागून ओढतायत त्याला, शिवण उसवलीय. सोल्वा घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून रडली.

मग ते चालूच राहिलं. गंमत अशी की झाकारिस मैदानावर पाऊल टाकायचा नाही. घरापासून मैदान चारशे पावलं, पण तिथे एल्स्पा कुंपणापाशी उभी राहायची, तर तो जायचा नाही. पण जर्सींवरून त्याला सगळं कळायला लागलं. आठ नंबर डावीकडे पडतो. अकरा नंबर मॅचआधी घाबरतो, कारण बाही चावलेली असते. हरल्यावर जर्सी गुंडाळून गाठी मारून पिशवीत कोंबलेल्या असतात आणि बरोबरी झाली तर निदान सरळ टाकलेल्या. कप्तानाच्या मानेपाशी रक्ताचे बारीक ठिपके दिसले, तर त्याने आतलं लेबल उसवून काढलं आणि तिथे जाळं विणायच्या सुईने चार टाके घातले. कप्तानाची मान घासायची थांबली, पण का थांबली ते कळायला महिना लागला. ह्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिना संपत आला तेव्हा अकरा मॅच झालेल्या, तीन बरोबरी, आठ हार, विजय शून्य. दहा संघांत आम्ही दहावे. शेवटचे दोन खाली जातात, आणि आम्ही तर तळाला चिकटून बसलेलो. आणि शनिवारी मॅच होती राजधानीतल्या संघाशी, वर टीव्हीवर दाखवणार होते.

त्या आठवड्यात पाऊस लागला. म्हणजे आमच्याकडचा, आडवा. सोमवारपासून गुरुवारपर्यंत दोरीवर काही टांगायची सोय नाही. तळघरात टांगलं तर गुरुवारी सकाळीसुद्धा ओलं ते ओलंच. मशीनमध्ये वाळवायचं नाही, कारण त्यात पाठीवरचे नंबर तडकतात, हा एल्स्पाचा नियम. दुसऱ्या जर्सी होत्या, पण पांढऱ्या, आणि राजधानीवाले पांढऱ्यातच खेळतात. झाकारिसने दर्यावर्दी डोकं चालवलं. वारा येतो पण पाऊस येत नाही, अशी जागा कुठली? तर मांस वाळवायचं खोपट. प्रत्येक घरामागे असतं. फटीफटींच्या फळ्या, वारा इकडून शिरतो आणि तिकडून निघतो. मागच्या शरद ऋतूत टांगलेल्या तीन मेंढ्या अजून आतच होत्या, मस्त मुरलेल्या. त्याने मेंढ्या जरा बाजूला सरकवल्या, मध्ये दोरी बांधली आणि अठरा जर्सी टांगल्या.

शुक्रवारी सकाळी जर्सी कशा, पापडासारख्या कडक! तो खूश. घडी घातली, पिशवी भरली, दिली पाठवून.

आता ज्याचं नाक एकोणसत्तर वर्षं त्या खोपटाशेजारी वाढलंय, त्याला काय वास येणार? त्याला तो वास म्हणजे घर.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत पिशवी उघडली आणि सगळ्यांची नाकं वर झाली. आमच्याकडे ख्रिसमसला हेच वाळवलेलं मटण असतं, तर कुणीतरी म्हणालं, ख्रिसमस आला वाटतं. मग जे हसणं सुटलं. कोच ओरडत आला आणि पिशवीपाशी येऊन त्याचंही ओरडणं विरलं. दुसरा इलाजच नव्हता, घातल्या. आणि धावून अंग तापलं की वास कसा फुलतो ते तुम्हाला सांगायला नको.

राजधानीच्या बचावफळीत दोन परदेशी खेळाडू होते, दक्षिणेकडचे, उंच, तगडे. आमच्या पोरांना बघून नाही, हुंगून ते बिथरले. आपल्या माणसाला चिकटून राहायचं तर हे दोघे हातभर लांब, तोंड वळवून. एकाने रेफरीकडे जाऊन नाकाकडे बोट दाखवलं. रेफरी आमच्या शेजारच्या बेटावरचा, तो म्हणाला, नियमात वासाबद्दल काही नाहीये, आणि मला तर भूक लागलीये. एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि आमचा आठ नंबर गोलसमोर एकटा उभा, भोवती कुणी नाही. डोक्याने मारला. एक-शून्य. पहिला विजय!

गाव वेडं झालं. आणि त्याच वेळी झाकारिस घरात रेडिओ ऐकत होता.

रेडिओवरचा माणूस हसत हसत सांगत होता की लाम्बाविकच्या पोरांनी आज मेंढीच्या वासाने मैदान मारलं, टीव्हीवाले आता वासही दाखवायला लागलेत म्हणे, वगैरे. झाकारिसने रेडिओ बंद केला. खोपटात गेला. दोरीला नाक लावलं, मग स्वतःच्या बाहीला लावलं. काही कळेना. पण अख्खा देश हसतोय म्हणजे असणारच. सव्वीस वर्षांत एल्स्पाच्या हातच्या जर्सीबद्दल कुणी एक अक्षर बोललं नव्हतं, आणि ह्याने तीन महिन्यांत तिचं नाक कापलं. असं त्याला वाटलं, बरं का. दुसऱ्या कुणाला नाही.

रविवारी पिशवी आली. त्याने जर्सी दोनदा धुतल्या, तीनदा धुतल्या, सोडा घालून, व्हिनेगर घालून. आणि बुधवारी पिशवी घेऊन थेट कारखान्यात सोल्वापुढे उभा राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माणसांत आला तो असा. बायका काम थांबवून बघायला लागल्या, दोघीतिघी हसल्या, वाईट नव्हत्या हसत, पण हसल्या.

"ज्याला जमतं त्याला दे," तो म्हणाला. "एल्स्पाचं नाव घालवलं मी."

सोल्वाने खूप समजावलं. अरे, जिंकलो आपण, मूर्खा, जिंकलो. पण तो वळून चालायलाही लागला होता. सोल्वाकडे हातमोजे काढून त्याच्यामागे धावायला वेळ नव्हता, पट्टा चालू होता. ह्याचं तिला अजून वाईट वाटतं.

जर्सी राजधानीजवळच्या एका लॉन्ड्रीत जायला लागल्या. यायच्या छान, पांढऱ्या कागदात, फुलांच्या वासाच्या. लॉन्ड्रीची काही चूक नाही. आम्ही लागोपाठ तीन मॅच हरलो, त्यातही नाही. पण खेळाडूंची डोकी तुम्हाला माहितीयेत. त्यांनी ठरवलं की जिंकलो ते मेंढीमुळे. जर्सी परत खोपटात टांगल्या पाहिजेत. आता झाकारिसला विचारणार कोण? तर टाइतुर.

टाइतुर म्हणजे आमचा दुसरा गोलकीपर. छत्तीस वर्षांचा, कारखान्यात बर्फाचं यंत्र बघतो, दोन मुली आहेत. पहिला गोलकीपर कधी आजारी पडत नाही, कधी जखमी होत नाही, त्यामुळे टाइतुर वरच्या लीगमध्ये एक मिनिटही खेळलेला नाही. जाकीट घालून बाकावर बसतो आणि ओरडतो. म्हणून असली कामं त्याच्याकडे येतात.

तो रविवारी दुपारी पिशवी घेऊन गेला. दार वाजवलं. झाकारिसने नेहमीसारखं अर्धवट उघडलं. टाइतुरने पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं की पोरांचं म्हणणं आहे, ह्या जर्सी मेंढ्यांबरोबर टांगून दे, एक रात्र पुरे.

झाकारिसचा चेहरा पडला. "माझी टिंगल करायला अख्खा देश पुरेसा आहे," तो म्हणाला. "तुझी काय गरज होती?" आणि दार लावलं.

टाइतुर पायरीवर उभा. जायला हवं होतं, निरोप दिला होता, काम झालं होतं. पण तो गेला नाही. तिथेच खाली बसला, पिशवी मांडीवर घेऊन. वारा होता, मागच्या दोरीवर नुसते चिमटे हलत होते. मग तो दाराशी बोलायला लागला, आणि हे त्याने मला स्वतः सांगितलंय, सांगताना मान खाली होती त्याची.

"झाकारिस, ऐकतोयस का? नसशील तरी ऐक. वासाचं पोरांचं आहे, माझं नाही. माझी जर्सी मळतच नाही ना. हुकाला टांगलेली असते ती, मॅच संपली की हुकावरून पिशवीत. तरी तू दर आठवड्याला ती धुवायचास. बाकीच्या सतरांबरोबर. मला वास यायचा ना साबणाचा, मला कळायचं. लॉन्ड्रीवाल्यांनी ती परत पाठवली, वेगळी, प्लास्टिकमध्ये. वर चिठ्ठी, न वापरलेली, धुतली नाही. सगळ्यांसमोर उघडली कोचने."

टाइतुरने पिशवीची गाठ उगाच सोडली आणि परत बांधली.

"कुणी हसलं नाही," टाइतुर म्हणाला. "हसले असते तर बरं झालं असतं."

मग आतून, दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "एल्स्पा धुवायची ती. म्हणायची, संघ म्हणजे अठरा."

"एल्स्पा गेल्यावरही धुतलीस तू."

दार उघडलं. पूर्ण उघडलं. झाकारिसने पिशवी घेतली, आत ठेवली, आणि टाइतुरला म्हणाला, "मेंढ्यांबरोबर टांगणार नाही."

"मग हरू आम्ही."

"हरा."

आणि त्याने कॉफी ठेवली. जानेवारीनंतर त्या घरात बसून कॉफी प्यालेला पहिला माणूस टाइतुर. वाळवलेल्या मटणाचा तुकडाही कापून दिला त्याने, ब्रेडवर, भरपूर लोणी लावून. टाइतुर म्हणतो, त्या दिवशी त्याला कळलं की मेंढी जर्सीपेक्षा पोटात जास्त बरी.

पुढच्या मॅचला झाकारिस मैदानावर आला. टाइतुरच्या मुली त्याला दोन्ही हातांना धरून घेऊन आल्या, म्हणजे त्याला पळून जाता येऊ नये म्हणून त्यांच्या बापानेच पढवून पाठवलेल्या. कुंपणापाशी एल्स्पाच्या जागी तो उभा राहिला नाही, चार हात बाजूला राहिला. वॅफलच्या टपरीवर मी होते, तर मला दिसलं. लोकांनी बघितलं आणि सरकून जागा करून दिली. मग पलीकडून एका म्हाताऱ्याने हाक मारली, काय झाकारिस, आज नुसती साबणाची फोडणी का? सगळे हसले, आणि झाकारिसही हसला. हसता हसता डोळे पुसले, वाऱ्याचं निमित्त करून.

मग मोसम कसा गेला ते पेपरात सगळं आहेच. सहा विजय आले, सगळे बिनवासाचे. मध्ये पाच मॅच ओळीने हरलो. शेवटच्या दिवशी आम्ही आपल्याच मैदानावर तीन-एक हरलो, पण खालच्या संघानेही मार खाल्ला, तर आम्ही एका गुणाने वाचलो. हरून वाचलो. रेडिओ कानाला लावलेला झाकारिसच सगळ्यात आधी ओरडला, आणि मैदानावरची पोरं काही न कळता त्याच्याकडे बघत राहिली. मग कळलं. मग काय, विचारू नका.

त्या संध्याकाळी क्लबच्या खोलीत कॉफी, रूबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याचा केक, गर्दी. सोल्वाने एकेकाला उभं केलं, टाळ्या वाजवल्या. झाकारिसला उभं केलं तेव्हा त्याने आधी खुर्ची नीट सरकवली, लोकांना वाटलं बसेल आता. पण तो बोलला.

"जानेवारीत मला वाटलं होतं, आता आयुष्यभर फक्त स्वतःचे कपडे धुवायचेत," तो म्हणाला. "तुमचे धुवायला मिळाले. फार उपकार झाले." आणि बसला. टाइतुरने बर्फाने फाटलेला आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि काढलाच नाही. टाइतुर ह्या मोसमात एक मिनिटही खेळला नाही, हे पण लिहून ठेवते, कारण तेही पेपरात नाही.

आता नोव्हेंबर आहे. मोसम नाही, म्हणजे पिशवी नाही. मार्चपर्यंत झाकारिसच्या दोरीवर त्याचे दोन सदरे आणि एक टॉवेल. मला ह्याचीच धास्ती होती, सोल्वाला पण होती. पण टाइतुर दर रविवारी जातो, रिकाम्या हाताने, नुसता. मागच्या रविवारी मी पण गेले होते. झाकारिसने मला जर्सीला टाका घालायला शिकवला, माझा वाकडा आला तर म्हणाला, तू लिहीच आपली.

तर लिहिलं. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, असं कुणीतरी असेल ज्याच्याकडे आपण फक्त कामापुरते जातो. काम संपलंय म्हणून थांबू नका ना. काहीतरी घेऊन जायला हवं, आधी फोन करायला हवा, असलं काही मनात आणू नका. ह्या रविवारी जा. दार अर्धवट उघडलं तर पायरीवर बसा थोडा वेळ. पण जा.